एक वायर, दोन व्यवहार

संगणकाला जोडलेल्या आयपॉडच्या पडद्यावर एके काळी एक मोठं वर्तुळ उमटायचं, त्यावर तिरकी रेघ आणि जोडीला ताकीद: 'डू नॉट डिस्कनेक्ट'. गाणी भरून झाली तरी कधीकधी ही ताकीद हटायची नाही आणि माणूस वायर हातात धरून ताटकळत बसायचा. तोच आयपॉड भिंतीवरच्या चार्जरला लावला, की पडद्यावर विजेच्या खुणेची छोटी बॅटरी तेवढी दिसायची. वर्तुळ नाही, ताकीद नाही. वाटेल तेव्हा काढा. यंत्र तेच, वायर तीच, मग एकीकडे एवढा धाक आणि दुसरीकडे एवढी मोकळीक का?

कारण त्या एका वायरीतून दोन वेगळे व्यवहार चालतात. एक विजेचा, दुसरा लिखापढीचा. वीज मध्येच तोडली तर काही बिघडत नाही. जेवढी बॅटरीत गेली तेवढी गेली, उरलेली नंतर भरता येते. लिखापढी मध्येच तोडली तर मात्र घोळ होतो, आणि तो लगेच दिसतोच असंही नाही. म्युझिक प्लेअर, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, गाणी साठवणारा स्पीकर, या सगळ्यांच्या बाबतीत 'कधी काढायचं' आणि 'कसं चार्ज करायचं' हे प्रश्न याच भेदावर येऊन ठेपतात.

सुरुवातीला हे दोन्ही व्यवहार एकत्र नव्हतेच. सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला, तेव्हा त्यात दोन पेन्सिल सेल घालायचे आणि कॅसेट बसवायची. जोडायचं काही नाही, काढायचं काही नाही. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेच्या डायमंड मल्टिमीडियाचा रिओ पीएमपी ३०० हे एमपीथ्री प्लेअर आले. रिओची स्मृती ३२ एमबी. त्या वेळच्या रूढ दर्जाचं गाणं मिनिटाला साधारण एक एमबी जागा खातं, म्हणजे सगळा मिळून अर्ध्या तासाचा ऐवज! हा प्लेअर एका पेन्सिल सेलवर चालायचा आणि गाणी भरण्यासाठी संगणकाच्या प्रिंटरच्या पोर्टला जोडायचा. वीज सेलमधून, गाणी वायरीतून.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड आणला आणि ही वाटणी संपली. आत तोशिबाची १.८ इंची, ५ जीबीची हार्ड डिस्क, रिचार्ज होणारी बॅटरी, आणि फायरवायर नावाची एकच केबल. तिच्यातूनच गाणी येणार, तिच्यातूनच वीज. पुढे यूएसबीने फायरवायरची जागा घेतली. कल्पना तीच राहिली. सोय मोठी होती यात शंका नाही, पण गाणी ऐकू इच्छिणाऱ्या माणसावर संगणकाचा हिशेब सांभाळायची जबाबदारी पडली ती तेव्हापासून.

हा हिशेब कसा चालतो ते जरा जवळून पाहू. यूएसबीने जोडलेला साधा प्लेअर संगणकाच्या लेखी प्लेअर नसतोच. ती एक डिस्क असते. तिच्यावर कुठलं गाणं कुठे ठेवायचं, किती जागा उरली, हे सगळं संगणक ठरवतो. प्लेअर तेवढा वेळ मुकाट बसून असतो. २०१०-११ च्या सुमाराचे अँड्रॉइड फोन वापरलेल्यांना आठवत असेल: फोनवर 'यूएसबी स्टोरेज' चालू केलं की फोनमधली गाणी आणि फोटो फोनलाच दिसेनासे व्हायचे. कार्डाचा ताबा संगणकाकडे गेलेला असायचा, आणि एका कार्डाला एका वेळी दोन मालक चालत नाहीत.

आता संगणक लिहितो कसा? पेठेतला जुना व्यापारी गर्दीच्या वेळी व्यवहार कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि सवड झाली की पक्क्या वहीत उतरवतो. संगणकाची रॅम ही कच्ची वही, आणि प्लेअरमधली डिस्क किंवा चिप ही पक्की. रॅम कितीतरी पटींनी वेगवान असल्यामुळे संगणक तुमची गाणी आधी तिथे घेतो, 'कॉपी झाली' असं तुम्हाला सांगतो, आणि मग मागच्या मागे सावकाश डिस्कवर उतरवत बसतो. लिनक्समध्ये तर अशी नोंद मुळातल्या मांडणीनुसार तीस सेकंदांपर्यंत कच्च्या वहीत पडून राहू शकते. म्हणून लिनक्सवर कधीकधी पाचशे एमबीच्या कॉपीची प्रगती दाखवणारी पट्टी क्षणात भरलेली दिसते, आणि 'इजेक्ट' दाबल्यावर मात्र बराच वेळ काही घडत नाही. तो वेळ वाया जात नसतो. खरी कॉपी तेव्हा चाललेली असते.

तर मग पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली, खिडकी मिटली, म्हणजे काम झालं असं धरू नये. प्लेअरवर किंवा पेनड्राइव्हवर दिवा असेल तर तो पाहावा. लुकलुकतोय तोवर पक्की वही उघडी आहे.

पक्क्या वहीची रचना हा या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. बहुतेक साधे प्लेअर, पेनड्राइव्ह आणि ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डं 'फॅट' नावाच्या पद्धतीने माहिती साठवतात. ही पद्धत १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये फ्लॉपीसाठी जन्मली; आजही ती चालते, याचं कारण तिचा साधेपणा. डिस्कचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात. एक गाणं अशा अनेक तुकड्यांत पसरलेलं असतं, आणि ते तुकडे शेजारीशेजारी असतीलच असं नाही. म्हणून दोन नोंदी ठेवाव्या लागतात. पहिली नोंद बत्तीस बाइटांची: फाइलचं नाव, आकार, आणि पहिला तुकडा कोणता. दुसरा एक मोठा तक्ता: प्रत्येक तुकड्यापुढे लिहिलेलं, की यानंतर कोणत्या तुकड्याकडे जायचं. प्लेअर गाणं वाजवतो तेव्हा तो हीच साखळी धरून तुकड्यामागून तुकडा उचलत जातो.

म्हणजे एक गाणं भरण्यासाठी तीन ठिकाणी लिहावं लागतं: खुद्द गाणं, नावाची नोंद, आणि साखळीचा तक्ता. वायर या तिन्हींच्या मध्ये निघाली, तर कुठे निघाली त्यावर दुखणं ठरतं. गाणं आणि साखळी लिहून झाली पण नावाच्या नोंदीत आकार चढला नाही, तर यादीत गाणं दिसतं आणि त्याचा आकार शून्य. जागा व्यापलेली, पण कोणाच्याच नावावर नाही. अशी बेवारस जागा विंडोजच्या दुरुस्ती-प्रोग्रॅमला सापडली की तो ती 'फाउंड' आणि तीन शून्यं अशा नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएचके' फाइली करून ठेवतो. आपल्या पेनड्राइव्हवर हे फोल्डर कुठून आलं, व्हायरस तर नाही ना, असं वाटून घाबरणारे पुष्कळ आहेत. तो व्हायरस नसतो. कधीतरी घाईत काढलेल्या वायरीची ती पावती असते. याहून गमतीदार दुखणं म्हणजे दोन गाण्यांच्या साखळ्या एकाच तुकड्यावर येऊन मिळणं. मग एखादा अभंग ऐन रंगात असताना मध्येच लावणीचा ठेका सुरू होतो, आणि दोष बिचाऱ्या प्लेअरला जातो.

फॅटमध्ये साखळीच्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात. कागदावर हा मोठा आधार वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रती लागोपाठ लिहिल्या जातात, त्यामुळे एक बिघडते तेव्हा दुसरीही बहुधा त्याच घोळात सापडलेली असते. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ यांसारख्या नव्या पद्धती 'आता मी हे लिहिणार आहे' अशी टीप आधी करून ठेवतात आणि अर्धवट काम सापडलं तर ती टीप पाहून सावरून घेतात. फॅटला ही सवय नाही. ३२ जीबीहून मोठ्या कार्डांवर येणाऱ्या एक्सफॅटलाही नाही. म्हणजे ज्या वस्तू आपण सर्वांत जास्त वेळा खेचून काढतो, नेमक्या त्यांवरच सर्वांत भोळी वही बसवलेली आहे. सगळ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून ती ठेवली हे खरं, पण त्याची किंमत वापरणाऱ्याने मोजली.

'सुरक्षितपणे काढा', म्हणजेच 'इजेक्ट', या आज्ञेचा अर्थ आता सांगायला नको. कच्च्या वहीतलं सगळं पक्कीत उतरव, नोंदी पुऱ्या कर, वही मीट आणि मग मला सांग, एवढंच ती म्हणते. विंडोजमध्ये पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह, मॅकवर नावापुढची वर टोक केलेली खूण, लिनक्सवर 'अनमाउंट'. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने मुळातली मांडणी 'जलद काढता येईल' अशी करून टाकली. तीत संगणक कच्ची वही फारशी साठू देत नाही. लिहिणं चालू नसेल तर मग थेट काढलं तरी सहसा चालतं. 'सहसा' हा शब्द मात्र सोडू नका. लिहिणं चालू आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि इजेक्टला दोन सेकंद लागतात.

कधीकधी संगणक इजेक्ट करायला नकार देतो: उपकरण वापरात आहे म्हणतो. यात आडमुठेपणा नसतो. त्या प्लेअरवरची एखादी फाइल कुठल्या तरी प्रोग्रॅमने उघडी धरलेली असते. प्लेअरमधलंच गाणं संगणकावर वाजत असतं, फोल्डरची खिडकी उघडी असते, नाही तर अँटिव्हायरस गुपचूप तपासणी करत असतो. ती खिडकी बंद करावी, मिनिटभर थांबावं, पुन्हा प्रयत्न करावा. तरीही ऐकत नसेल तर संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करून मग वायर काढावी. बंद होताना संगणक सगळ्या वह्या मिटतोच. आयपॉडवर ताकीद अडकून राहायची तिचं कारणही बहुतेक वेळा साधं असायचं: गाणी भरण्याच्या आयट्यून्स प्रोग्रॅममध्ये 'डिस्क म्हणून वापर' हा पर्याय चालू असला, तर गाणी भरून झाल्यावरही वही आपोआप मिटत नसे, दर वेळी हाताने इजेक्ट करावं लागे. तो बंद ठेवला की काम आटोपल्यावर 'काढायला हरकत नाही' असं आयपॉड स्वतःच सांगे. ही गोष्ट मला ॲपलची खरोखर आवडते. इशारा संगणकाच्या कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या चिन्हात न दडवता, जी वस्तू हातात आहे तिच्याच पडद्यावर दिला. बाकी कंपन्यांना हे सुचायला काय हरकत होती, कळत नाही.

वायर मध्येच निघाल्याने होणाऱ्या घोळावर एक उपाय निघाला, तो एमटीपी नावाची जोडणीची पद्धत. यात हिशेब संगणकाकडून काढून प्लेअरकडे दिला. संगणक फक्त म्हणतो, हे गाणं घे. कुठे ठेवायचं, साखळी कशी जोडायची हे प्लेअर आपलं आपण बघतो. हल्लीचे अँड्रॉइड फोन आणि बरेच प्लेअर असेच जोडले जातात. वायर मध्येच निघाली तर जे गाणं वाटेत होतं तेवढं जातं; वही शाबूत राहते, कारण ती लिहिणारा प्लेअर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालूच असतो.

स्वतःची बॅटरी असण्याचा हा फायदा पेनड्राइव्हला नाही. त्याच्या आतल्या फ्लॅश चिपवर एखादं अक्षर सुटं खोडून बदलता येत नाही. खोडायचं तर शेकडो केबींचा अख्खा ठोकळा खोडावा लागतो. म्हणून चिपचा नियंत्रक त्यातला जुना मजकूर उचलतो, नव्यासह दुसरीकडे लिहितो आणि आपल्या आतल्या नोंदी बदलतो. पेनड्राइव्ह खेचला की त्याच क्षणी नियंत्रकाची वीज जाते, आणि हात न लावलेल्या जुन्या फाइलींनाही झळ बसू शकते. प्लेअरपेक्षा पेनड्राइव्हच्या बाबतीत इजेक्टचं महत्त्व जास्त आहे ते यासाठी.

महाराष्ट्रात वाचणं आणि लिहिणं यांतला फरक ट्रॅक्टरच्या टेपमध्ये रोज अनुभवाला येतो. तोच पेनड्राइव्ह ट्रॅक्टरवरून दिवसातून दहा वेळा उपटला तरी वर्षानुवर्षं चालतो, आणि 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी लावलेल्या मोबाईलच्या दुकानात एकदा घाईत काढला की करप्ट होतो. दुकानाच्या संगणकात काही खोट असते असं नाही. ट्रॅक्टरचा टेप पेनड्राइव्ह फक्त वाचतो. वाचताना पक्की वही कोणी उघडत नाही. दुकानातला संगणक लिहितो. सारेगामाने २०१७ मध्ये आणलेल्या आणि घरोघरच्या आजी-आजोबांच्या उशाशी पोचलेल्या 'कारवाँ' या स्पीकरचंही तसंच. त्यातली पाच हजार गाणी आत कायमची भरलेली, त्यांना वायरीशी देणंघेणं नाही. त्याला लावलेला पेनड्राइव्ह गाणं थांबवून काढला की पुरे. नातवंडाने तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून नवी गाणी भरली, की मात्र इजेक्ट करायचं.

आता दुसरा व्यवहार, विजेचा.

यूएसबीची जुनी चपटी पिन हातात घेऊन आत डोकावलं तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात. नीट पाहा: कडेच्या दोन जराशा लांब आहेत, मधल्या दोन आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. पिन आत सरकवताना वीज आधी जोडली जाते, आणि काढताना माहिती आधी तुटते, वीज शेवटी. चालू यंत्राला पिन लावली-काढली तरी चिप जळू नये म्हणून ही मिलिमीटरभराची तजवीज. म्हणून यूएसबीच्या बाबतीत 'आधी बटण बंद कर, मग काढ' हा बाकीच्या विजेच्या वस्तूंचा नियम लागू होत नाही.

या कडेच्या पट्ट्यांवर पाच व्होल्ट असतात. संगणक नव्याने जोडलेल्या वस्तूला आधी फक्त १०० मिलीॲम्पिअर प्रवाह देतो. तिने ओळख सांगून परवानगी घेतली की यूएसबी २ च्या पोर्टवर ५०० पर्यंत. संगणक झोपी गेला की हे प्रमाण अगदी अडीच मिलीॲम्पिअरवर येतं. रात्री प्लेअर लॅपटॉपला लावून झाकण मिटलं आणि सकाळी बॅटरी होती तेवढीच, या कोड्याचं उत्तर इथे आहे. काही लॅपटॉपमध्ये झोपेतही चार्ज करणारं एखादं खास पोर्ट असतं. नसेल तर लॅपटॉप जागा ठेवावा लागतो. कीबोर्डवरचं पोर्ट किंवा स्वतःचा ॲडॉप्टर नसलेला हब यांच्याकडूनही फार अपेक्षा करू नये, ते शंभरावरच अडतात.

म्हणून माझं सरळ मत असं की, गाणी भरायची नसतील तर प्लेअर संगणकाला लावूच नये. भिंतीवरच्या चार्जरला लावावा. तिथे लिखापढीचा व्यवहारच नाही, त्यामुळे काढताना कसली परवानगी लागत नाही, आणि चार्ज होत असताना बहुतेक प्लेअर गाणीही वाजवतात. बाजारात माहितीच्या तारा नसलेल्या, फक्त चार्जिंगच्या केबलीही मिळतात. त्या संगणकाला लावल्या तरी डिस्क दिसत नाही. 'माझा प्लेअर संगणकाला दिसतच नाही' या तक्रारीचं कारणही अनेकदा हीच स्वस्तातली केबल असते.

चार्जर कोणता चालेल, हा नेहमीचा प्रश्न. प्लेअरबरोबर अर्ध्या ॲम्पिअरचा चार्जर आला होता, आता घरात दोन ॲम्पिअरचा आहे. लावला तर जळेल का? जळणार नाही. व्होल्ट जुळले पाहिजेत, ॲम्पिअर जास्त असले तरी चालतात. चार्जरवर लिहिलेले ॲम्पिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढंच. किती घ्यायचे हे प्लेअरमधली चिप ठरवते. नवे जलद चार्जर नऊ-बारा व्होल्टही देतात, पण समोरच्या यंत्राने मागितले तरच. उलट त्रास वेगळाच होतो: सी-पिनचा एखादा स्वस्त प्लेअर किंवा स्पीकर नव्या, दोन्ही टोकांना सी-पिन असलेल्या केबलीने चार्जच होत नाही, आणि जुन्या चपट्या पिनच्या केबलीने लगेच होतो. सी-पिनचा चार्जर समोर कोणी आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती खूण म्हणजे प्लेअरमधले ५.१ किलोओहमचे दोन रोधक. काही पैशांच्या बचतीसाठी ते गाळलेले असतात. बॅटरी गेली असं समजून असे किती स्पीकर अडगळीत पडले असतील!

चार्जर बेनामी नसावा, एवढं मात्र पाळावं. भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातले पाच यांच्यामध्ये जे काही इन्सुलेशन असतं ते त्या चार्जरच्या आत असतं, आणि स्वस्त चार्जरमध्ये काटकसर तिथेच होते. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरवरही धातूच्या अंगाच्या प्लेअरला बोट फिरवलं तर बारीक झिणझिण जाणवू शकते. आतल्या एका लहान कपॅसिटरमधून झिरपणारा तो प्रवाह मर्यादेत असतो, अपायकारक नसतो. बेनामी चार्जरमध्ये मर्यादा कोणी तपासलेली नसते, आणि इअरफोन कानात असताना ती तपासून पाहण्यात शहाणपण नाही. भारतात चार्जर आणि लिथियम बॅटरी दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर मानकाचा आयएस क्रमांक आणि इंग्रजी 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. विकत घेताना तो शोधावा.

बॅटरीबद्दलच्या आपल्या बहुतेक समजुती मागच्या पिढीच्या बॅटऱ्यांच्या आहेत. 'नवीन आहे, आधी आठ तास चार्ज करा', 'पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका' हे दुकानदार अजूनही सांगतात. निकेल-कॅडमियमच्या बॅटरीला ते काही अंशी लागू होतं. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीला नाही, आणि आजचे बहुतेक प्लेअर याच बॅटरीवर चालतात. तिच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला अर्ध्यात लावलं, अर्ध्यात काढलं तरी चालतं, किंबहुना तेच बरं. चार्ज होताना प्लेअरमधली चिप आधी एकसारखा प्रवाह देते, बॅटरी ४.२ व्होल्टपर्यंत चढली की व्होल्ट तिथेच धरून प्रवाह कमी कमी करत नेते. म्हणून आयपॉडची पहिली ८० टक्के बॅटरी साधारण दोन तासांत भरायची आणि उरलेल्या २० टक्क्यांना आणखी दोन तास लागायचे. घाई असेल तर त्या शेवटच्या भागासाठी अडून बसू नये.

पूर्ण भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं, त्यामुळे रात्रभर लावून ठेवल्याने बॅटरी 'जास्त भरते' ही भीती निराधार आहे. खरा शत्रू उष्णता, आणि तिच्या जोडीला शंभर टक्के भरलेली अवस्था. या बॅटऱ्या शून्य ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चार्ज कराव्यात असं साधारणपणे ठरलेलं आहे. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सावलीतलाच पारा या रेषेशी खेळत असतो. उन्हात उभ्या गाडीत किंवा ट्रॅक्टरच्या पत्र्यावर प्लेअर ठेवून चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य हाताने कापणं. उशीखाली, रजईखालीही चार्जिंग नको, कारण तिथे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. उष्णतेचा विषय ॲपललाही भोवला आहे: सप्टेंबर २००५ ते डिसेंबर २००६ या काळात विकलेले पहिल्या पिढीचे आयपॉड नॅनो बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे कंपनीने नोव्हेंबर २०११ मध्ये परत मागवले आणि बदलून दिले.

प्लेअर महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर निम्मी बॅटरी ठेवून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून थोडा चार्ज द्या. पूर्ण उतरवून कपाटात टाकला तर बॅटरी इतकी खाली जाऊ शकते, की आतलं संरक्षक सर्किट तिला कायमचं तोडून टाकतं. तेवढी खाली गेली नसेल तर आशा असते. चार्जिंगला लावल्यावर पडदा काळाच राहील, कारण चिप सुरुवातीला थेंबाथेंबाने वीज सोडते. अर्धा तास वाट पाहिल्याशिवाय प्लेअर मेला असं ठरवू नये.

वायरीचं एक. काढताना पिन धरून सरळ ओढावी, वायर धरून हिसका देऊ नये. मायक्रो यूएसबीची जोडणी दहा हजार वेळा लावण्या-काढण्यासाठी आखलेली आहे, आणि झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलीच्या पिनमध्ये ठेवल्या आहेत, म्हणजे खराब झालीच तर शंभर रुपयांची केबल व्हावी, प्लेअर होऊ नये. तिरक्या हिसक्याने मात्र प्लेअरच्या आतलं सॉकेट उखडतं, आणि तिथे ही सगळी अभियांत्रिकी फुकट जाते.

बॅटरी कितीही जपली तरी काही वर्षांनी थकतेच. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या भावांनी आयपॉडच्या जाहिरातींवर 'याची न बदलता येणारी बॅटरी अठराच महिने टिकते' असं रंगवत फिरण्याची एक छोटी फिल्म केली आणि ती जगभर पाहिली गेली. ॲपलची ९९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून देण्याची योजना त्याच सुमाराची. आयपॉडची विक्री ॲपलने मे २०२२ मध्ये थांबवली, पण जुने आयपॉड नवी बॅटरी घालून वापरणारे शौकीन आजही आहेत, आणि आपल्याकडच्या चांगल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला हे काम जमतं.

बॅटरी फुगलेली दिसली, प्लेअरचं झाकण वर आलं, पडदा उचलला गेला, तर त्या क्षणापासून चार्जिंग बंद. ती दाबून बसवू नका, टोचू नका, सुईने हवा काढायचा उद्योग तर अजिबात नको. आतला वायू आणि द्रव पेट घेऊ शकतात. प्लेअर जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात किंवा कंपनीच्या सेवाकेंद्रात नेऊन द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा हा उपकार मागणं नव्हे. घंटागाडीत मात्र ती टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, आणि दाबलेली लिथियम बॅटरी पेटते.